शवासनाने बीपी उतरतं का? उतरतं तर किती?

चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

बीपीवर इथे धागे कमी नाहीत. निम्मे कच्च्या लसणीवर आणि उरलेले 'गोळी एकदा मागे लागली की सुटत नाही' या वाक्यावर येऊन थांबतात. मला घाम न काढणाऱ्या व्यायामाबद्दल बोलायचंय: शवासन, संथ श्वास, हलकी आसनं. आणि मुद्दाम पुरुषांच्या बाजूने, कारण आपली जमात या बाबतीत जरा अवघड आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना गोळी चालू होती. बायकांमध्ये हेच प्रमाण २१ टक्के. फरक फार मोठा नाही. पण बायकांच्या दंडाला निदान बाळंतपणात तरी पट्टा लागतो. पुरुषाला पत्ता लागतो तो विम्याच्या तपासणीत, नाहीतर हर्नियाचं ऑपरेशन ठरल्यावर. कळल्यावर पहिलं वाक्य, 'मला तर काहीच त्रास नाही.' खरंच नसतो, बीपी दुखत नाही. दुसरं वाक्य, 'उद्यापासून जिम लावतो.' स्वस्थ पडून राहणं हाही व्यायाम असू शकतो हे आपल्या गळी उतरत नाही. घरात जोर-बैठका काढणारे वडील पाहिलेत त्यांच्या तर नाहीच.

आता मूळ गोष्ट. हे प्रकरण व्हॉट्सॲपवर जन्मलेलं नाही, परळला जन्मलेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे निकाल १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात छापले. लेखकांच्या चार नावांत एक विनेकर आहेत, लोणावळ्याच्या कैवल्यधामचे. कैवल्यधाम म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेली संस्था. आसनं करणाऱ्याला यंत्रं लावून काय होतं ते मोजायची त्यांची पद्धत तेव्हापासूनची. 'योगाला विज्ञान लावू नका' म्हणणारे आणि 'योगात कसलं आलंय विज्ञान' म्हणणारे, दोघांनीही एकदा तिकडे चक्कर मारावी.

केईएममध्ये शिकवलेलं शवासन म्हणजे नुसतं आडवं होणं नव्हतं. उताणं पडायचं, पाय थोडे अंतरावर, हात अंगापासून सुटे, तळवे वर, डोळे मिटलेले. श्वास पोटाने आणि संथ. आत घेतल्यावर किंचित थांबायचं, सोडल्यावर त्याहून जरा जास्त. आणि लक्ष नाकपुड्यांपाशी: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. रोज अर्धा तास. एवढंच. हे वाचायला सोपं आहे. मी सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत गॅस बंद केला का, पीएफचा फॉर्म भरला का, सगळं आठवतं.

रुग्णांचे तीन गट होते. काहींना औषधच नव्हतं, काहींचं बीपी औषधाने आटोक्यात होतं, काहींचं औषध घेऊनही चढलेलंच होतं. पहिल्या गटाचं बीपी चांगलं खाली आलं. दुसऱ्या गटात निम्म्याहून जास्त लोकांची औषधाची मात्रा कमी करता आली. तिसऱ्या गटात हे यश त्याहून कमी जणांना मिळालं. लक्षात घ्या, मात्रा डॉक्टरांनी कमी केली, रुग्णाने परस्पर नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर वय पन्नाशीच्या पुढे, शिफ्टची नोकरी, टेल्मिसार्टनची एक गोळी चालू. वरचं १५०च्या घरात असायचं, गोळीने १३५-१४०वर आलं. त्यानंतर संध्याकाळचा क्रम धरला: मान-खांदे सैल करणं, ताडासन, एकेका पायाचं पवनमुक्तासन, मकरासन आणि शेवटी शवासन. सध्या १३०च्या आसपास असतं. पण त्याच काळात लोणचं-पापडही सुटलं आणि वजनही थोडं उतरलं, त्यामुळे श्रेय कोणाचं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. यातून नेमकं किती उतरण्याची अपेक्षा धरावी? बीपी असलेल्याने कपालभाती करावी का? (आमच्या सोसायटीच्या बागेत यावरून दोन तट पडलेत.) आणि पुरुषांनी म्हणून काही वेगळं सांभाळायला हवं का?

बोलका_पोपट

शवासन हा एकमेव व्यायामप्रकार ज्यात मी जन्मतः पारंगत आहे. वाचनखूण साठवली.

कुंदा_प्र

उपयुक्त धागा. आमचे अहो शवासनाला पडले की दोन मिनिटांत घोरायला लागतात, तेही भिंती हलतील असं. उठल्यावर म्हणतात, 'काय शांत वाटलं!' याला शवासन धरायचं का झोप?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, झोपच ते. पण झोपू द्या न माणसाला, कुठं भांडण करून राह्यला तो.

निशाचर

चिंचवडकर, लेख आवडला, पण जरा थंड पाण्याचा शिपका मारतो.

केईएमच्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. शवासन न करणाऱ्या तशाच लोकांचं त्या काळात काय झालं हे कळायला मार्ग नाही. आणि बीपीच्या बाबतीत हा आक्षेप किरकोळ नाही. माणूस अभ्यासात कधी घेतला जातो? बीपी चढलेलं दिसल्यावर. म्हणजे बऱ्याच जणांची नोंद त्यांच्या वाईट दिवसाची असते. पुन्हा मोजलं की काहीही न करता आकडा खाली येतो. शिवाय दवाखाना, पांढरा कोट, पट्टा आवळल्याची भावना, या सगळ्याची चार-सहा भेटींत सवय होते आणि त्यानेही आकडा उतरतो. यातलं काहीच शवासनाच्या खात्यावर लिहिता येत नाही.

१९६९ साली तुलना-गटाचा आग्रह आजच्यासारखा नव्हता, त्यामुळे दातेंना दोष देत नाही. पण आज कोणी तेवढ्यावर 'सिद्ध झालंय' म्हणत असेल तर हात वर करून प्रश्न विचारावा.

चिंचवडकर

निशाचर, मान्य. म्हणूनच तर विचारतोय. पुढे कोणी तुलना-गट घेऊन केलंय का?

ओपीडीवाली

केलंय, आणि लगेचच. मी जनरल मेडिसिनमध्ये आहे, हा विषय रोजचा. जरा सविस्तर लिहिते.

लंडनजवळ क्रॉयडनला डॉ. चंद्रा पटेल जनरल प्रॅक्टिस करत. त्यांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये २० रुग्णांवरचा प्रयोग छापला: शवासनासारखं शिथिलीकरण, जोडीला बायोफीडबॅक, म्हणजे शरीर किती सैल झालंय हे आवाजावरून सांगणारं यंत्र. तिथेही निशाचर म्हणतात तोच आक्षेप आला. मग १९७५ साली त्यांनी आणि नॉर्थ यांनी ३४ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. शिथिलीकरण करणाऱ्यांचं सरासरी बीपी १६८/१०० वरून १४१/८४ वर आलं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ, तितकंच लक्ष दिलं, पण तंत्र शिकवलं नाही. त्यांचं १६९/१०१ वरून १६०/९६. म्हणजे निशाचरांचा मुद्दा अगदी बरोबर: नुसतं येऊन बसल्यानेही वरचं नऊने उतरलं. पण तंत्राने त्याच्या पलीकडे बरंच काही केलं.

इतके मोठे आकडे मात्र आज कोणाला कबूल करू नका. छोटे अभ्यास, खूप चढलेले रुग्ण, उत्साही शिक्षक, या तिन्हींमुळे आकडे फुगतात. २०१९ साली 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज'मध्ये योगावरच्या ४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सरासरी घट वरच्यात ५ आणि खालच्यात ४च्या आसपास. ज्यांचं बीपी आधीच जास्त होतं आणि ज्यांच्या वर्गात आसनांबरोबर श्वसन आणि ध्यानही होतं, त्यांच्यात ती ११/६ पर्यंत गेली. आसनं केली पण श्वास आणि ध्यान गाळलं, तर जवळजवळ निम्मी. बहुतेक पुरुष रुग्ण नेमकं तेच गाळतात. सूर्यनमस्कार मोजून घालतात आणि शवासनाच्या वेळी चटई गुंडाळून निघतात!

५ म्हणजे काय एवढंसं, असं वाटेल. बीपीच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून २०२१ साली जे गणित आलं, त्यात वरचं बीपी ५ने कमी झालं तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. अर्धा तास पडून राहण्याची ही मजुरी वाईट नाही.

आता तुमचे प्रश्न. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं (कुंभक), शीर्षासन, सर्वांगासन: बीपी आटोक्यात नसेल तर यातलं काही नको. जोरात आणि झपाट्याने केलेला श्वास शरीराला पळायच्या तयारीत आणतो, आणि आपल्याला हवंय नेमकं उलट. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, भ्रामरी हळू आवाजात, हे चालतं. बागेतल्या दोन्ही तटांना माझा नमस्कार सांगा.

पुरुषांसाठी एक गोष्ट खास. पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा तत्सम गोळी अनेकांना चालू असते. ती रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. जोडीला बीपीची गोळी, वर अर्धा तास शवासन, आणि मग 'चला झालं' म्हणून ताडकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी ठरलेली. उजव्या कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मिनिटभर तसेच राहा, मग भिंतीला धरून उभे राहा. शवासनाने कोणी मरत नाही, पण त्यानंतर पडून खुबा मोडलेले काका मी पाहिलेत.

कुंदाताई, तुमच्या अहोंचं घोरणं हसण्यावारी नेऊ नका. मध्येच श्वास अडकतो का? दचकून जागे होतात का? दिवसा पेंग येते का? तसं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो, आणि तो स्वतःच बीपी चढवतो. मानेचा घेर मोठा असलेल्या पुरुषांत हा फार दिसतो. त्याची तपासणी वेगळी, उपचार वेगळा, शवासनाने तो जात नाही.

कुंदा_प्र

बाप रे. श्वास अडकतो, हो. मी कोपराने ढोसते मग चालू होतो. विनोद म्हणून लिहिलं होतं. या आठवड्यात घेऊन जाते.

सातारी_कंदी

ओपीडीवाली ताईंच्या प्रतिसादात एक भर घालतो. आमच्या वडिलांनी गावातल्या एका योग शिबिरात नाव घातलं. आठवडाभराने तिथे मोजलं तर १२८/८०. शिबिरवाल्याने स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवून घेतल्या आणि सांगितलं, 'काका, आता गोळीची गरज काय?' वडिलांनी ॲम्लोडिपिन बंद केली. आम्हाला सांगितलंच नाही, डबी तशीच भरलेली. पुढच्या महिन्यात सकाळी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. वेळेत साताऱ्याला नेलं म्हणून वाचले, उजवा हात अजून पूर्ण वळत नाही.

त्या दिवशीचा १२८ हा गोळीचाच होता हो. गोळी रक्तात असताना मोजायचं आणि श्रेय शिबिराला द्यायचं, हा कुठला न्याय?

शवासनाला माझा विरोध नाही. वडील आजही करतात, गोळी घेऊन.

ओपीडीवाली

सातारी, वाईट वाटलं. आणि हे नवीन नाही, दर काही महिन्यांनी असा एक रुग्ण येतो, बहुतेक वेळा पुरुषच. गोळी सोडणं हे त्यांना बरं झाल्याचं प्रमाणपत्र वाटतं. घरच्या नोंदी सातत्याने कमी येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मात्रा कमी करायला आम्हालाही आवडतं.

नाव_नको

या कामासाठी वेगळा आयडी काढलाय, माफ करा. गोळी सोडण्यामागे एक कारण असतं जे पुरुष घरीही बोलत नाहीत. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून वैवाहिक आयुष्यात अडचण. मित्राने सांगितलं, गोळी सोड, योगा कर. कोणाला विचारायचं कळत नाही.

ओपीडीवाली

नाव_नको, बरं झालं विचारलंत, आणि यात माफी कसली. काही जुने बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांच्याबाबत ही तक्रार माहितीची आहे. सार्टन गटाबाबत (टेल्मिसार्टन वगैरे) ती सहसा येत नाही. म्हणजे गोळी बदलता येते. पण दुसरी बाजूही आहे: चढलेलं बीपी, साखर, तंबाखू हे स्वतःच बारीक रक्तवाहिन्या कडक करतात आणि तिथला रक्तपुरवठा पहिल्यांदा घटतो. कधीकधी हृदयाच्या त्रासाची ती आगाऊ सूचना असते. त्यामुळे गोळी सोडून हा प्रश्न सुटेल असं नाही, बिघडूही शकतो. तुमच्या डॉक्टरांना एवढंच म्हणा, 'या गोळीने लैंगिक अडचण येतेय का, बदलता येईल का?' आम्ही हे वाक्य रोज ऐकतो. संकोच रुग्णाला असतो, आम्हाला नाही.

नाव_नको

धन्यवाद. खरंच.

गोंयकार

संथ श्वासावरून एक गंमत सांगतो. इटलीतल्या पाविया इथल्या बर्नार्डी आणि मंडळींनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला होता. २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया'ची जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुं'. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली, आणि त्याबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत आले.

आमच्या शेजारी रोज संध्याकाळी तेर्स (ख्रिस्ती घरांतली जपमाळेची प्रार्थना) चालतो आणि त्याच वेळी आमच्याकडे आई रामरक्षा म्हणते. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या नव्वदीच्या पुढे गेल्यात. (हा पुरावा नाही, निशाचर, काठी खाली ठेवा.)

निशाचर

ठेवली. पण ते सहा का, हे सांगतो, कारण मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात पटण्यासारखा वाटतो.

मानेच्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब चढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस नसेमार्फत हृदयाला सावकाश चालायला सांगतो आणि रक्तवाहिन्यांना सैल व्हायला. या फेऱ्याला साधारण दहा सेकंद लागतात. मिनिटाला सहा श्वास म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. झोक्याला नेमका त्याच्या लयीत हात लावला की थोड्या जोरात तो उंच जातो, तसं इथे होतं. श्वास आणि हा फेरा जुळले की संवेदकांची जाग वाढते. बीपीच्या रुग्णांत ही जाग मंदावलेली असते. संथ श्वासाने ती सुधारते, असं २००५ साली 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं.

मंत्र कोणता याला महत्त्व नाही. कडवं पुरेसं लांब हवं आणि घाई नको. आमच्या आळीत आरती ज्या वेगाने म्हणतात त्याने बीपी चढेल.

बोलका_पोपट

'घालीन लोटांगण'ला तर पल्स १४०.

अद्वैत_सिंगापूर

इथे सिंगापुरात सकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत ताई ची चालतं. चिनी आजोबा, हळूहळू सरकणारे हात. मला आधी वाटायचं हे निवृत्त लोकांचं करमणुकीचं काम. मग २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये बीजिंगचा अभ्यास आला. सीमारेषेवरचं बीपी असलेले ३४२ लोक, निम्म्यांना ताई ची, निम्म्यांना चालणं-पळणं-सायकल असा दमवणारा व्यायाम, आठवड्यातून चार वेळा एकेक तास, वर्षभर. वरचं बीपी ताई चीवाल्यांचं सरासरी ७ने उतरलं, दुसऱ्यांचं साडेचारच्या जरा वर. दोघांत अडीचचा फरक, पण जिंकलं ते हळू चालणारं.

त्यातल्या कोणाचंच बीपी अजून गोळीपर्यंत पोचलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवावं. सीमारेषेवरच्या पस्तिशी-चाळिशीच्या पुरुषांसाठी मला हे जास्त कामाचं वाटतं. पुण्या-मुंबईत वर्ग शोधावे लागतील, पण आपल्याकडे चटई आणि आसनं असताना त्यासाठी वणवण करायची गरज नाही. मुद्दा संथपणाचा आणि रोज करण्याचा.

दंडबैठक

मी जिममध्ये प्रशिक्षक आहे. सगळे शांत-शांत चाललंय म्हणून एक वेगळं टाकतो. २०२३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'ने २७० चाचण्या एकत्र केल्या. सगळ्यांत जास्त उतार कशाने? हलायचंच नाही अशा व्यायामाने: स्थिर ताण. सरासरी ८/४. चालणं-पळणं वगैरे साडेचार/अडीच. आणि त्या स्थिर प्रकारांत वरच्या आकड्यासाठी पहिला नंबर भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबण्याचा. दोन मिनिटं थांबा, दोन मिनिटं विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस.

हा मन शांत करणारा प्रकार नाही, मांड्या भाजतात. पण नुसतं पडून राहायला ज्यांचा पुरुषार्थ आड येतो त्यांच्यासाठी. एकच अट: श्वास रोखायचा नाही. ओझं उचलताना पुरुष दात-ओठ खाऊन श्वास कोंडतात आणि त्या क्षणी बीपी भयंकर उसळतं. तोंडाने आकडे मोजत राहा, बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. आणि बीपी चढलेलंच असेल तर आधी ते गोळीने खाली आणा, मग भिंतीकडे या.

चिंचवडकर

दंडबैठक, हे नवीन कळलं. शवासनाच्या आधी जोडता येईल. निशाचर, दहा सेकंदांचं गणित डोक्यात बसलं: चार आत, सहा बाहेर.

आता मोजण्याबद्दल कोणीतरी लिहा. आमच्या कंपनीत एकाने दिवसभरात वीसेक वेळा मोजून स्वतःला पार हैराण करून घेतलंय.

ओपीडीवाली

त्यांना सांगा, मशीन कपाटात ठेवा.

घरी मोजायचं ते असं. आधीचा अर्धा तास चहा, सिगरेट, व्यायाम नको. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, पट्टा शर्टावरून नको. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलू नका, 'अगं, किती आलं बघ' हेही नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५च्या वर सरासरी म्हणजे जास्त, दवाखान्यात हीच रेघ १४०/९०. अमेरिकेने २०१७ साली ती १३०/८० वर आणली, आपल्याकडे बहुतेक डॉक्टर निदानासाठी १४०/९० धरतात.

मनगटावरचं मशीन टाळा, दंडाचं घ्या. आणि पट्ट्याचं माप बघा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाला असतो. व्यायाम करणाऱ्यांचा किंवा जाड माणसाचा दंड त्याहून मोठा असतो आणि आखूड पट्टा खोटं चढलेलं बीपी दाखवतो. दंडबैठक, तुमच्या जिममधले अर्धे 'बीपीवाले' कदाचित पट्ट्याचेच असतील.

१८०/१२०च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातापायात बळ नसणं यातलं काही असेल तर शवासनाला पडू नका, थेट रुग्णालय गाठा. तशी लक्षणं नसतील तर पाच मिनिटांनी शांतपणे पुन्हा मोजा. तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, मीठाचं नाही बोलल्या. आमच्याकडं ठेच्यात मीठ नाही टाकलं तर जेवणच नाही होत.

ओपीडीवाली

आयडीवरून अंदाज आलाच होता. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं धरून: ठेचा, पापड, फरसाण, ब्रेड. सैंधव मीठही मीठच. ठेचा अर्ध्या मिठाचा करून बघा, तिखट तितकंच ठेवा, मिरचीवर आमची बंदी नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मग जमते.

रातपाळी

खूप दिवसांपासून वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लॉगिन केलं. मला आठवडाआड रात्रपाळी असते. सकाळी गोळीच्या आधी मोजा म्हणता, पण माझी सकाळ दुपारी तीनला होते. शवासन पण ड्यूटीवरून येऊन करावं का उठल्यावर? आणि शवासन झाल्यावर मोजलं तर नेहमीच छान येतं, १२० वगैरे. तोच आकडा धरायचा का?

ओपीडीवाली

रातपाळी, तुमची सकाळ म्हणजे तुम्ही झोपून उठता ती वेळ. उठल्यावर तासाभरात गोळीच्या आधी एकदा, आणि झोपायला जाण्यापूर्वी एकदा. वहीत समोर 'रात्रपाळी' किंवा 'दिवसपाळी' लिहा, कारण पाळीनुसार आकडे वेगळे येऊ शकतात आणि ते आम्हाला दिसायला हवं. गोळीची वेळ पाळीनुसार स्वतः बदलू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

शवासन ड्यूटीवरून आल्यावर करा, झोपही लवकर लागेल. खोलीत अंधार करा, फोन दुसऱ्या खोलीत.

शवासनानंतरचा १२० खरा आहे, पण तो त्या अर्ध्या तासाचा. डॉक्टरांना तो दाखवू नका, नाहीतर गोळीचा हिशेब चुकेल. शवासनाच्या आधीचा आकडा दोन-तीन महिन्यांत हळूहळू खाली सरकतोय का ते बघा. तो सरकला तर वही घेऊन या.